क्लॅरोनेट चिरकते : माउथपीसचं फेसिंग घरी मोजता येतं का?

अमळनेरी_मास्तर (४ एप्रिल, रात्री १०:१२)

मंडळी, नमस्कार. मी अमळनेरला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो आणि लगीनसराईत चुलत्यांच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतो. वाद्य वडिलांचं, माउथपीसही त्यांचाच, जुना एबोनाइटचा. चोचीवर त्यांच्या दातांचे दोन खळगे पडलेत. माझे दात त्या खळग्यांत नीट बसत नाहीत, तरी तोच माउथपीस तोंडाला बरा वाटतो.

अडचण अशी की दिवाळीपासून खालच्या सुरांवरून वर गेलं की क्लॅरोनेट चिरकते. दहा वेळा वर गेलो तर तीन वेळा तरी. पूर्वी ढोल-ताशात ते खपून जायचं. आता ट्रॉलीवर माइक तोंडाशी असतो, त्यामुळे चिरकलं की नवरदेवाच्या घोड्यापासून पार मागच्या बायकांपर्यंत सगळ्यांना कळतं. रीडचे, म्हणजे माउथपीसवर बांधायच्या पातळ पट्ट्यांचे, तीन खोके संपवले. दोन नंबर झाला, अडीच झाला, कंपनी बदलून पाहिली. फरक नाही.

फेसिंग झिजलं असेल असं एकाने सांगितलं. ते मोजतात कसं? आणि बिघडलंच असेल तर परत काढता येतं का? माउथपीस मला टाकायचा नाहीये.

जिभाऊ_शिरपूर (४ एप्रिल, रात्री १०:४०)

मास्तर, माउथपीसला हात लावू नका. चाळीस वर्षं वाजवतोय. चिरकलं की पहिली रीड, दुसरं ओठ, तिसरं चावीखालचं पॅड. माउथपीस सगळ्यात शेवटी. घासलेलं परत भरून येत नाही.

तापीकाठचा (४ एप्रिल, रात्री ११:०५)

हायस्कूलचे सर क्लॅरोनेट वाजवतात! पोरांची मजा आहे.

सॅक्स_नंदुरबार (५ एप्रिल, सकाळी ७:२०)

जिभाऊंच्या बोलण्याला माझा पुरावा घ्या. माझ्याकडे टेनर सॅक्सोफोनचा चांगला माउथपीस होता. रीड बसते ती सपाट जागा, टेबल म्हणतात ती, जरा डुगडुगते असं वाटलं म्हणून एका वर्कशॉपमध्ये नेला. त्यांनी पट्ट्याच्या ग्राइंडरवर धरला आणि दोन मिनिटांत आरशासारखा करून दिला. मी खूश. घरी येऊन रीड लावली तर आत हवाच जाईना. टोक आणि रीड यांच्यातली फट जवळजवळ मिटली होती. वर्कशॉपवाल्याला दोष द्यावा तर मीच त्याला "सपाट कर" म्हणालो होतो. तो माउथपीस अजून कपाटात आहे, फेकवत नाही.

भुसावळ_फिटर (५ एप्रिल, दुपारी १:१५)

नंदुरबारच्या भाऊंचं झालं ते न मोजता घासल्यामुळे. माउथपीसला हात लावू नका, हे जिभाऊंचं म्हणणं मोजेपर्यंत बरोबर. मोजायला हात लावला तर काही बिघडत नाही, आणि मोजल्याशिवाय रीड, पॅड की माउथपीस हे कळायचं कसं?

मी रेल्वेतून रिटायर झालेला फिटर आहे. भाच्याच्या अल्टो सॅक्ससाठी या नादाला लागलो. लागतं ते इतकंच : एक सपाट काच आणि फिलर गेज. तोच, गॅरेजवाले टॅपेट आणि प्लगची फट बघायला वापरतात तो.

टेबल सपाट असतं, तिथून टोकाकडे दोन्ही बाजूच्या कडा हळूहळू रीडपासून लांब वळत जातात. त्या वळणाला फेसिंग म्हणतात. रीड याच वळणावर उघडते-मिटते. आता रीडच्या जागी काच ठेवा. टोकाकडून काच आणि कडा यांच्या फटीत गेजचं पातं सोडा. पातळ पातं आत लांब जाईल, जाड पातं टोकाजवळच अडेल. कुठलं पातं टोकापासून किती मिलिमीटरवर अडलं ते लिहा, डावी कड वेगळी, उजवी कड वेगळी.

अमेरिकेत एल्कहार्टला एरिक ब्रँड म्हणून वाद्यदुरुस्तीचे मोठे जाणकार होते. त्यांच्या पद्धतीच्या गेजला काचेवर अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा असतात. क्लॅरोनेटला पाती चार : दीड थाऊ, दहा थाऊ, चोवीस थाऊ, चौतीस थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी. रेघा अर्ध्या मिमीच्या असल्यामुळे त्यांचा आकडा दुप्पट दिसतो. कुठे "३४" वाचलंत तर ते १७ मिमी समजा. यात पुष्कळ लोक फसतात, मीही पहिल्यांदा भाच्याचा माउथपीस दुप्पट लांब धरून बसलो होतो.

आपल्याकडे मेट्रिक गेज मिळतो. त्यातली ०.०५, ०.२५, ०.६० आणि ०.८५ मिमीची पाती घ्या, काम होतं. शेवटी टोकाची फट. मधोमध पात्यांची जोडी करून सरकवत जा. काच उचलली न जाता जी सगळ्यात जाड जोडी बसेल ती तुमची फट.

एकच पथ्य : पातं ढकलू नका. आपण होऊन अडेल तिथे थांबा. जोर लावला की काच उचलते आणि आकडा खोटा येतो.

अमळनेरी_मास्तर (५ एप्रिल, सायंकाळी ६:३०)

फिटरभाऊ, हे तर आमच्या प्रयोगशाळेचं काम! मायक्रोस्कोपची स्लाइड चालेल का? ७५ × २५ मिमीची, साधारण एक मिमी जाडीची. सपाट असते. तिच्या मागच्या बाजूला पारदर्शक कागदावर छापलेली मिलिमीटरची पट्टी चिकटवतो.

भुसावळ_फिटर (५ एप्रिल, सायंकाळी ६:५०)

झकास. डोळा बरोबर वर ठेवून वाचा, तिरकं पाहिलं तर काचेच्या जाडीमुळे रेघ सरकल्यासारखी दिसते. आणि मागून उजेड घ्या. पट्टी माउथपीसच्या बाजूला चिकटवू नका, कागदाची जाडी मोजमापात घुसेल.

एरंडोलची_लेक (५ एप्रिल, रात्री ९:१०)

माहेर एरंडोल, आता पुण्यात. अल्टो सॅक्स आणि क्लॅरोनेट दोन्ही वाजवते. तुलनेसाठी काही आकडे देते. टोकाची फट : यामाहाचा क्लॅरोनेटचा ४सी १.०५ मिमी, वॅंडोरेनचा ५आरव्ही लायर १.०९५, बी४५ १.१९५. अल्टो सॅक्सला यामाहा ४सी १.६० आणि सेल्मरचा एस८० सी-स्टार १.७० मिमी. म्हणजे क्लॅरोनेटला एक मिमीच्या आसपास सगळा खेळ, आणि दशांश मिमीच्या फरकाने रीडचा नंबर बदलतो. फट मोठी तर रीड मऊ, फट लहान तर रीड कडक, असा साधारण हिशेब. फेसिंगची लांबीही त्यात येते.

एका गोष्टीत फिटरकाकांना जोडून सांगते. टेबल अगदी सपाटच हवं असं नाही. काही कारखाने मधोमध किंचित खोलगट भाग मुद्दाम ठेवतात. रीड ओली झाली की फुगते, तिला जागा मिळते. त्यामुळे टेबल काचेवर ठेवून मध्ये उजेड दिसला की लगेच "बिघडलं" म्हणून घासायला घेऊ नका.

भुसावळ_फिटर (५ एप्रिल, रात्री ९:३५)

ताई, हे मान्य. पण खोलगटपणा खिडकीच्या, म्हणजे रीडखालच्या उघड्या भागाच्या, कडेपर्यंत पोचला तर तिथून हवा गळते. मग तो गुण राहत नाही. ओळखायला सोपी परीक्षा आहे : ओली रीड नीट बांधा, माउथपीसचं मागचं तोंड तळहाताने बंद करा आणि टोकाकडून हवा ओढून घ्या. रीड क्षणभर चिकटून राहून "टप्" करून सुटली तर ठीक. चिकटतच नसेल तर कुठेतरी गळती आहे. रीडची पाठ वाकडी असली तरी हेच होतं, म्हणून दोन-तीन रीड लावून पाहायच्या.

केळीबाग_रावेर (६ एप्रिल, सकाळी ६:४५)

उन्हाचाही परिणाम असेल का? गेल्या मे महिन्यात वरातीच्या आधी माझा माउथपीस दुपारभर गाडीच्या काचेखाली राहिला. काळा होता, तो हिरवट-तपकिरी झालाय. चवपण बदलली, गंधकासारखी लागते.

एरंडोलची_लेक (६ एप्रिल, सकाळी ८:००)

एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. नेल्सन गुडइयरने १८५१ साली त्याचं पेटंट घेतलं. उजेड आणि उष्णता लागली की पृष्ठभाग असा हिरवट होतो आणि गंधकाचा वास येतो. नुसता रंग गेला तर वाजण्यात फरक पडत नाही. पण आपल्याकडच्या उन्हात बंद गाडीत ठेवला तर आकारही बिघडू शकतो, मग टेबल मुरडतं. गरम पाण्याने तर कधीच धुऊ नका. गार पाणी, मऊ कापड, बस्स.

तापीकाठचा (६ एप्रिल, सकाळी ८:२०)

जळगावात मे महिन्यात नळाला गार पाणी येतं कुठे, ताई! माठातलं घ्यावं लागेल.

जिभाऊ_शिरपूर (६ एप्रिल, सकाळी ९:१५)

आमचे उस्ताद पितळी डबीत रीड ठेवायचे, डबी ओल्या फडक्यात, फडकं पिशवीत. एप्रिल-मे मध्ये ते फडकं सुकू द्यायचं नाही हे माझं काम. एकदा चोपड्याच्या वरातीत मी विसरलो. सगळ्या रीड टोकाला लाटेसारख्या झाल्या होत्या. उस्तादांनी रागवायच्या आधी एकेक रीड जिभेवर धरून ओली केली, काचेच्या पेल्यावर अंगठ्याने दाबून सरळ केली आणि वरात काढली. रात्री मात्र बोलले.

फिटरदादा, तुमचं वाचतोय. पण मी उत्तम वाजणारे वाकडे माउथपीस पाहिलेत. मोजले असते तर नापास झाले असते.

भुसावळ_फिटर (६ एप्रिल, सकाळी १०:०५)

जिभाऊ, खरं आहे. जो वाजतो त्याला मोजूही नका. पण मास्तरांचा वाजत नाहीये.

धुळे_बँजो (६ एप्रिल, दुपारी २:३०)

थोडं बाजूचं विचारतो. सॅक्सोफोन पितळेचा, तरी त्याला लाकडी वाद्यांत का धरतात? आमच्या पार्टीत यावरून पैज लागलीये.

एरंडोलची_लेक (६ एप्रिल, दुपारी ३:१०)

आवाज रीडने निघतो म्हणून. अडॉल्फ सॅक्सने १८४६ साली पेटंट घेतलं तेव्हा माउथपीसची कल्पना क्लॅरोनेटच्या घराण्यातलीच होती, तो स्वतः क्लॅरोनेट वाजवायचा. फरक नळीत आहे. सॅक्सची नळी शंकूसारखी रुंदावत जाते, म्हणून वरची चावी दाबली की तोच सूर एक सप्तक वर येतो. क्लॅरोनेटची बहुतेक एकसारख्या रुंदीची असते, म्हणून सप्तक अधिक पंचम इतकी उडी बसते. सा वाजवत असाल तर वरच्या सप्तकातला प निघतो. मास्तरांची चिरक नेमकी त्या उडीला होतेय. तिथे रीडने दोन्ही कडांवर सारखं मिटायला हवं.

पैजेचे पैसे कोण जिंकलं ते सांगा.

अमळनेरी_मास्तर (७ एप्रिल, रात्री ११:२०)

मोजलं! पहिल्यांदा आकडे प्रत्येक वेळी निराळे येत होते. मग लक्षात आलं की मी काच बोटाने दाबतोय आणि पातं ढकलतोय. स्लाइड दोन रबरबँडांनी टेबलावर बांधली, पातं दोन बोटांत सैल धरलं, तेव्हा आकडे स्थिर झाले.

०.०५ पातं : डावीकडे १७.५ मिमी, उजवीकडे १५.५
०.२५ पातं : डावीकडे ११.५, उजवीकडे १०.५
०.६० पातं : दोन्हीकडे ५.५
०.८५ पातं : दोन्हीकडे २.५
टोकाची फट : १.१० मिमी

"टप्" परीक्षेत तीनपैकी दोन रीड चिकटल्या.

भुसावळ_फिटर (८ एप्रिल, सकाळी ७:००)

वा मास्तर! टोकाकडचा अर्धा भाग उत्तम आहे, तिकडे बघायचंही नाही. मागे मात्र डावी-उजवीत दोन मिमीचा फरक आहे. रीड डाव्या कडेला आधी वाकायला लागते, उजवीला उशिरा.

पण आधी खात्री करा. स्लाइड उलटसुलट फिरवून बांधा, पातंही पालटून घाला. फरक त्याच बाजूला राहिला तर तो माउथपीसचा, बाजू बदलली तर तुमच्या काचेचा.

अमळनेरी_मास्तर (८ एप्रिल, दुपारी ४:४०)

चार वेळा पालटून पाहिलं. १७.५ आणि १५.५ तिथेच आहेत. आठवीच्या दोन मुलांकडूनही न सांगता मोजून घेतलं, त्यांचंही तेच.

आता डावीकडचं १७.५ कमी करून १५.५ वर आणायचं का?

भुसावळ_फिटर (८ एप्रिल, सायंकाळी ७:३०)

नाही! कडेवरून काढता येतं, घालता येत नाही. डावी कड आखूड करायची तर सगळं टेबल खाली न्यावं लागेल, आणि टेबल खाली गेलं की फेसिंग आखूड होतं, फटही मिटते. नंदुरबारच्या भाऊंचं हेच झालं. तुम्ही उजवी कड मागच्या बाजूला वाढवत १७ च्या पुढे न्यायची. टोकाला स्पर्शही नाही.

सामान : आरशाची जाड काच, १००० नंबरचा वॉटर पेपर, पाणी, पांढरी पेन्सिल, आणि तुमचा गेज. ६०० नंबर तुमच्या कामाला नको, फार खातो.

कागद ओला करून काचेवर पसरा, हवेचा फुगा राहू देऊ नका. फुगा राहिला तर कागद दबतो आणि कडा गोल होतात. पांढऱ्या पेन्सिलने दोन्ही कडांवर आडव्या बारीक रेघा मारा. माउथपीस मागच्या टोकाने धरा, टेबल कागदाला लावा, मग अगदी किंचित पुढे झुकवा, इतकं की वजन वळण सुरू होतं तिथे आलं पाहिजे. उजव्या बाजूला बोटाचा हलका भार. आता स्वतःकडे ओढा, एकदाच. मागेपुढे रंधा मारायचा नाही. उचला, पाहा. पेन्सिलच्या रेघा कुठे पुसल्या? उजवीकडे १५ ते १८ मिमीच्या पट्ट्यातच पुसल्या असतील तर हात बरोबर आहे. टोकाकडे पुसल्या तर थांबा.

तीन वेळा ओढलं की धुवा, पुसा, मोजा, लिहा. पुन्हा तीन. ओलंच घासायचं, एबोनाइटची धूळ छातीत जाऊ द्यायची नाही.

आणि वडिलांच्या माउथपीसवर पहिला हात मारू नका. आधी एखादा फुटका, टाकाऊ माउथपीस घेऊन तीन संध्याकाळी सराव करा.

सराफ_गल्ली (८ एप्रिल, रात्री ९:००)

जळगावला सोनारकामात आहे, वाजवता येत नाही, धागा आवडला म्हणून वाचतोय. डोळ्याला लावायचं दहापटीचं भिंग घ्या. आम्ही कड पाहताना दिव्याखाली तिरकी धरतो, कडेवरची चमकती रेघ सलग हवी. जिथे रेघ तुटते किंवा जाड होते तिथे उंचवटा असतो. आकड्यात न दिसणारा खड्डा असाच दिसतो.

एरंडोलची_लेक (८ एप्रिल, रात्री ९:४०)

सराफदादांची युक्ती टोकाच्या आडव्या कडेला फार कामाची. ती फार बारीक झाली तर चिरकण्याची भीती, जाड राहिली तर सूर जड निघतो. मास्तर, तिथे काही करू नका, फक्त भिंगाने पाहून ठेवा.

अमळनेरी_मास्तर (१७ एप्रिल, रात्री १०:५०)

फिटरभाऊंचं ऐकलं. चुलत्यांच्या पेटीत एक प्लॅस्टिकचा तडा गेलेला माउथपीस होता, त्यावर चार संध्याकाळी सराव केला. पहिल्या दिवशी टोकच घासलं गेलं. चौथ्या दिवशी रेघा हव्या तिथे पुसल्या जायला लागल्या.

काल रात्री वडिलांचा घेतला. एकूण बारा वेळा ओढला, चार खेपांत. वहीत लिहिलंय ते असं. उजवी कड, ०.०५ पातं : १५.५, १६, १६, १६.५, १७. पातं ०.२५ ला उजवीकडे ११.५ झालं, डाव्याशी जुळलं. तिसऱ्या खेपेला आकडा अर्धा मिमी हलला तेव्हा हाताला काहीच कळलं नव्हतं, कागदावर नखावर मावेल इतका काळा गाळ होता. अर्धा मिमीचा फरक उरलाय, तिथेच थांबलो. टोकाची फट १.१० तशीच आहे.

वाजवून पाहिलं. अडीच नंबरची रीड लावली, वरची उडी घेतली. वीसपैकी वीस वेळा साफ. एक सूर मात्र अजून खरखरतो, डाव्या तर्जनीने दाबायची सगळ्यात वरची चावी आहे तिच्या आसपासचा.

जिभाऊ_शिरपूर (१८ एप्रिल, सकाळी ६:१०)

बरं व्हयनं मास्तर! वीसपैकी वीस म्हणजे तुमनं काम भारी शे.

तो उरलेला सूर पॅडचा. पतंगाच्या कागदाची बारीक पट्टी घ्या, पॅडखाली घाला, चावी मिटवा, पट्टी हळूच ओढा. चारही बाजूंनी सारखी धरली पाहिजे. जिथून सहज निसटते तिथून हवा जाते.

अमळनेरी_मास्तर (१८ एप्रिल, दुपारी १:००)

जिभाऊ, निसटली! खालच्या बाजूने. पॅड कडक होऊन आक्रसलंय. बदलून घेतो.

सॅक्स_नंदुरबार (१८ एप्रिल, रात्री ८:३०)

तुमचं वाचून मीही स्लाइड मिळवली. कपाटातल्या टेनरच्या माउथपीसची फट १.२० मिमी निघाली. दोन्ही कडा मात्र सारख्या आहेत, शेवटच्या पात्यापर्यंत. फिटरभाऊ, याचं काही होईल?

भुसावळ_फिटर (१८ एप्रिल, रात्री ९:०५)

टेनरला फट दोन मिमीच्या आसपास किंवा पुढे लागते, तुमच्याकडे निम्म्याच्या थोडी वरच आहे. पण टेबल सपाट, कडा सारख्या, म्हणजे पाया चांगला मिळालाय. वळण नव्याने लांब आणि खोल काढलं की फट उघडते. काम मोठं आहे, एका बैठकीत होणार नाही. टोकाची कड त्यात जाड होईल, ती आतून बारीक करावी लागेल. घेऊन या, मला वेळच वेळ आहे. आधी वहीत सगळे आकडे लिहून आणा.

जिभाऊ_शिरपूर (१८ एप्रिल, रात्री ९:२०)

फिटरदादा, नंदुरबारचे भाऊ कधी येतात ते सांगा, मीही निघतो. दोन माउथपीस आणतो. एक वाजतो, त्याला तुम्ही हात लावायचा नाही. दुसरा उस्तादांचा आहे, वीस वर्षं पेटीत पडून आहे. तो मोजून द्या.

अमळनेरी_मास्तर (१८ एप्रिल, रात्री ९:३१)

जिभाऊ, शिरपूरहून भुसावळला जाताना अमळनेरला उतरा. स्लाइड आणि गेज घेऊन मी सोबत येतो. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीचा रविवार धरू, नंतर आपल्या कुणालाच सुपाऱ्यांतून वेळ नाही.